नागपुरात ना डोंगर, ना भूकंप. मग भूवैज्ञानिक आपत्तींवर पीएच.डी. कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी. भूगर्भशास्त्राचे शेवटचे सत्र चालू आहे. दरडी आणि भूकंप यांवर संशोधन करून पुढे हाच विषय शिकवण्याची इच्छा आहे. वडिलांचे म्हणणे असे की, जीएसआयची (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची) परीक्षा देऊन सरकारी नोकरी धरावी, कारण प्राध्यापकांच्या जागा निघत नाहीत. एका सरांनी असे सुचवले आहे की, नागपुरात ना डोंगर आहेत ना भूकंप, तेव्हा हा विषय घ्यायचा तर डेहराडून किंवा हैदराबाद गाठावे. आणि शेवटी, आत्तापासून कोणती उपकरणे घेऊन ठेवावीत, असेही तुम्ही विचारले आहे. मी नागपुरातच शिकले, गेली सव्वीस वर्षे इथेच शिकवते आहे आणि माझे बहुतेक संशोधन दरडी व जमीन खचणे यांवर आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

नोकरी की पीएच.डी., असा तुमचा प्रश्न वरवर दिसतो, परंतु माझ्या मते त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला उदरनिर्वाहाचा, आणि दुसरा असा की, पुढची दहा वर्षे तुम्ही जमिनीच्या कोणत्या तुकड्याकडे पुनःपुन्हा जाऊ शकाल. विद्यार्थी पहिल्याची चर्चा वर्षानुवर्षे करतात आणि दुसरा प्रश्न प्रवेशअर्ज भरताना पाच मिनिटांत उरकतात. बातम्यांत ज्या दरडीचे नाव गाजत असते, तीच त्यांच्या प्रबंधाच्या शीर्षकात येते. माझ्या पाहण्यात अर्धवट सुटलेल्या बऱ्याच पीएच.डी.चे मूळ इथे आहे. म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते.

नागपुरात भूकंप नाहीत, या वाक्याशी माझे जुने भांडण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी बी.एस्सी.ला होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून आलेली गावे गाढ झोपेत होती. पंधरवड्यानंतर आमच्या शिक्षकांबरोबर आम्ही तिथे गेलो. शेतातून उमटलेला जमिनीचा लहानसा उंचवटा सगळे जण वाकून पाहत होते. माझे लक्ष मात्र घरांकडे जात होते. दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, त्यांवर मातीचे जड माळवद, आणि भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारा आडवा दगड कुठेच नाही. ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्यात सुमारे दहा हजार माणसे गेली, ती प्रामुख्याने या भिंतींखाली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात किल्लारी सर्वांत सुरक्षित मानल्या गेलेल्या पहिल्या क्षेत्रात होती. २००२ मध्ये नकाशा सुधारला गेला, तेव्हा ते पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले आणि दुसऱ्यापासून मोजणी सुरू झाली. त्या नकाशात नागपूर याच दुसऱ्या क्षेत्रात दाखवले गेले. तुमच्या सरांनी जे तुम्हाला सांगितले, तेच १९९३ पूर्वी लातूरकडे कोणीही सांगितले असते.

किल्लारीनंतर साधारण चार वर्षांनी, २२ मे १९९७ च्या पहाटे, जबलपूरचा भूकंप झाला. मे महिन्यात नागपूरकर गच्चीवर झोपतात. आमची खाट हलली आणि शेजारच्या गच्चीवरची मुले उठून बसली. तो धक्का ५.८ तीव्रतेचा होता आणि त्याचे केंद्र नर्मदा-शोण पट्ट्यात साधारण पस्तीस किलोमीटर खोलवर होते. एवढ्या खोलीवरचे भूकंप खंडाच्या अंतर्भागात सहसा होत नाहीत, त्यामुळे आमच्या मंडळींना तो पुढे कित्येक वर्षे पुरला. याच मोठ्या पट्ट्याच्या दक्षिण अंगाला गाविलगडचा विभंग, म्हणजे खडक तुटून सरकलेली मोठी भेग, आहे. मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीचे गरम पाण्याचे झरे तुम्ही सहलीत पाहिले असतील, ते याच विभंगाच्या वाटेवर आहेत. धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीत ऑगस्ट २०१८ मध्ये जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला आणि लहान धक्क्यांची मालिकाच सुरू झाली, तेही इथून काही तासांच्या अंतरावर.

आता डोंगर. नागपूरच्या आसपास दरड कोसळून गाव गाडले जाईल असा डोंगर नाही, हे मान्य. परंतु जमीन खाली जाण्यासाठी डोंगरच लागतो असे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वस्तीत एक अख्खे घर जमिनीत गेले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली इंग्रजांच्या काळातल्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. अशा खाणीत कोळशाचे खांब मागे ठेवून मधल्या वाटा पोखरलेल्या असतात. खाण बंद झाल्यावर वाटांमध्ये पाणी भरते, खांब कडेने सोलत जातात, छताचा एकेक थर सुटून पडतो आणि पोकळी हळूहळू वर सरकते. वरचा खडक जाड व टणक असेल तर ती मध्येच पडलेल्या राडारोड्याने भरून थांबते. वर माती किंवा ठिसूळ वालुकाश्म असेल आणि त्यातून पावसाचे पाणी मुरत असेल तर ती एखाद्या दिवशी पृष्ठभागावर येते. अशा किती वाटा कोणत्या वस्त्यांखाली आहेत, त्यांवरची जमीन वर्षाला किती मिलिमीटर बसते आहे, या प्रश्नांवर नागपुरात राहून आयुष्यभर काम करता येईल, आणि त्याचे शिखर गाठण्यासाठी हिमालयात जावे लागणार नाही.

पुनःपुन्हा जाता येण्यावर मी एवढा भर का देते, हे माझ्याच चुकीवरून सांगते. माझी पीएच.डी. सह्याद्रीतल्या एका घाटरस्त्यालगतच्या उतारांवर होती. नागपूरहून तिथे पोहोचायला एक रात्र रेल्वेत आणि अर्धा दिवस एसटीत जाई. पाच पावसाळ्यांत मी अकरा वेळा गेले आणि ज्या दोन दिवसांत तिथे असायला हवे होते, त्या दिवसांत मी इथे उत्तरपत्रिका तपासत होते. मी ज्या उताराला नकाशात ‘मध्यम प्रवण’ असा पिवळा रंग दिला होता, तोच त्या पावसात सुटला. लाल रंग दिलेले तीन उतार जागच्या जागी राहिले. कारण शोधायला गेले तेव्हा समजले की, रुंदीकरणासाठी त्या उताराचा पायथा आदल्या उन्हाळ्यात दहा-बारा फूट तासला गेला होता, आणि माझे उंचीचे आकडे त्याआधीच्या उपग्रहचित्रांवरून काढलेले होते. म्हणजे प्रबंधातला उतार प्रत्यक्षात शिल्लकच नव्हता. सुदैवाने त्या दिवशी रस्त्यावर कोणी नव्हते.

त्याच भागातल्या एका वाडीत मात्र मला जे सापडले, ते कोणत्याही उपग्रहाने दिले नसते. एका म्हाताऱ्या आजींच्या घरात मागच्या पडवीत जमिनीला भेग होती. “दर पावसाळ्यात दोन बोटं उघडते, आणि दर दसऱ्याला मी लिंपते,” असे त्या म्हणाल्या. मी त्यांच्या परवानगीने त्या भेगेच्या कडेला सुरीने एक सरळ काप घेतला. आत शेणामातीचे एकमेकांना चिकटलेले उभे थर दिसत होते, प्रत्येक दोन थरांमध्ये धुळीची बारीक काळसर रेघ. मोजले तर सात. सर्वांत जुना थर जेमतेम बोटभर जाड होता, शेवटचे दोन प्रत्येकी तीन बोटे. उताराची हालचाल वाढते आहे, हे सांगणारी सात वर्षांची नोंद त्या बाईंनी लिंपून ठेवली होती. पहिल्या तीन भेटींत मी तिथे चहा पिऊन गेले होते आणि त्यांनी त्या भेगेचा विषयही काढला नव्हता. चौथ्या भेटीत काढला. एकदाच जाऊन नमुने घेऊन येणाऱ्याला अशी माहिती मिळत नाही. त्या वाडीतली सहा घरे पुढच्या वर्षी तहसील कार्यालयाने हलवली, आणि माझ्या अहवालातल्या सर्व आलेखांपेक्षा त्या सात थरांचे छायाचित्र त्यासाठी अधिक उपयोगी पडले.

म्हणून विषय निवडताना मी विद्यार्थ्यांना एकच कसोटी लावते : ही जागा तुम्ही स्वतःच्या खर्चाने, पावसाळ्यातसुद्धा, वर्षातून चार वेळा पाहू शकता का? डेहराडूनला हिमालयाच्या भूविज्ञानाच्या वाडिया संस्थेत प्रवेश मिळाला, तर हिमालयावर अवश्य काम करा. हैदराबादला एनजीआरआयमध्ये (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत) भूकंपलेखनाची जी परंपरा आहे, ती नागपुरात नाही, हेही खरे. तिथे राहिलात तर ती जागा तुमच्या आवाक्यात येईल. परंतु राहायचे नागपुरात आणि प्रबंध लिहायचा उत्तराखंडातल्या चमोलीवर, असे करू नका. नागपुरात राहायचे असेल तर घुग्घुस, बल्लारपूर, उमरेडचा कोळसापट्टा, गाविलगडचा विभंग व पूर्णेचे खोरे, यवतमाळ-चंद्रपूरकडचे भूजलातले फ्लोराइड हे विषय सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या किंवा फार तर एका मुक्कामाच्या अंतरावर आहेत. शिवाय जीएसआयच्या मध्य विभागाचे मुख्यालय, भारतीय खाण ब्युरो, केंद्रीय भूजल मंडळाचे विभागीय कार्यालय, मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था, राज्याचे दूरसंवेदन केंद्र आणि व्हीएनआयटीतला खाणकाम अभियांत्रिकी विभाग एवढे सगळे एका शहरात, स्कूटीवर फिरता येईल इतक्या अंतरात, असलेले दुसरे गाव मला माहीत नाही. तुमच्या सरांनी हे कसे विसरावे, याचे मला थोडे आश्चर्य वाटले.

खचणाऱ्या जमिनीचा विषय घेतलात तर एक अडचण आधीच सांगून ठेवते. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची रडारचित्रे २०१४ पासून मोफत मिळतात, आणि एकाच जागेच्या दोन वेळच्या चित्रांतील लहरींचा फरक काढून जमीन काही मिलिमीटर बसली तरी ते कळू शकते. परंतु ही पद्धत घरांच्या छपरांवर व रस्त्यांवर चांगली चालते. कपाशी आणि सोयाबीन वाढले की शेतातली जुळणी मोडते आणि ऑगस्टपासून पुढचे काही महिने तुमचा नकाशा ठिपक्याठिपक्यांचा होतो. त्या महिन्यांसाठी पायी फिरून, खुंटी ठोकून, टेपने मोजण्याला पर्याय नाही. दुसरी अडचण जुन्या खाणनकाशांची. एका कार्यालयाकडून असे नकाशे मिळवायला मला चौदा महिने आणि सतरा पत्रे लागली, आणि हाती आलेल्या नकाशावर उत्तर दिशाच दाखवलेली नव्हती. पीएच.डी.च्या वेळापत्रकात हा काळ धरून चाला.

आता उदरनिर्वाहाकडे येते. इथे बरेच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही : घरी कर्ज आहे का, धाकटी भावंडे शिकत आहेत का, तुमच्या पगाराची वाट कोणी पाहत आहे का. पाहत असेल, तर वडिलांचे ऐका. जीएसआयसाठीची, म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा ३२ वर्षांपर्यंत देता येते, राखीव प्रवर्गांना सवलत वेगळी. गट अ च्या भूवैज्ञानिकाचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते आणि सहायक प्राध्यापकाचे ५७,७०० पासून. म्हणजे पैशाच्या दृष्टीने दोघांत फरक नाही. फरक आहे तो त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यात. भूवैज्ञानिकाची नियुक्ती कायमस्वरूपी असते. प्राध्यापकीत मात्र कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवत राहावे लागते, उन्हाळ्याच्या सुट्टीचे महिने बिनपगारी जातात, आणि हा काळ दोन वर्षांचा असेल की दहा, हे कोणीही आधी सांगू शकत नाही. माझ्या ओळखीत चाळिशी ओलांडलेले, उत्तम शोधनिबंध नावावर असलेले आणि अजून तासांवर शिकवणारे दोघे आहेत. वडिलांना वाटणारी भीती निराधार नाही.

तरीही त्या नोकरीत गेलात म्हणजे विषय सुटला, असे समजू नका. दरडींच्या बाबतीत जीएसआय ही देशाची मध्यवर्ती संस्था आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिने देशातल्या दरडप्रवण भागाचे पन्नास हजारास एक या प्रमाणात नकाशे केले, आणि जुलै २०२४ मध्ये कोलकात्यात दरडींच्या पूर्वानुमानाचे केंद्र सुरू झाले. तिथे तुम्हाला जी आकडेवारी व साधने मिळतील, ती विद्यापीठात स्वप्नातही मिळत नाहीत. मात्र वर्षाचे काम ठरवून दिलेले असते आणि बदली देशात कुठेही होते, त्यामुळे मी वर म्हटलेली दहा वर्षांची जागा तुमच्या हातात राहत नाही. विद्यापीठात नेमके उलट : जागा तुमची, पैसा नाही. मी दुसरे निवडले, कारण मला त्याच उताराकडे परत जायचे होते आणि तेव्हा घरची जबाबदारी माझ्यावर नव्हती. दुसरे कारण सोडले तर पहिल्याच्या जोरावर मी हे करू शकले असते, असे मी म्हणणार नाही.

व्यावहारिक सल्ला असा की, पुढच्या दीड वर्षात भूवैज्ञानिक परीक्षा, सीएसआयआरची नेट आणि राज्याची सेट या तिन्ही द्या. खनिजशास्त्र, संरचना, भूरूपशास्त्र, भूजल हा अभ्यास बराचसा सामाईक आहे. संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे, एवढ्यात नागपुरात एकट्याचे नीट भागते. ती मिळाली नाही, तर पदरचे घालून पीएच.डी. करू नका, निदान या विषयात करू नका, कारण क्षेत्रकामाचा खर्च ग्रंथालयात बसून होणाऱ्या संशोधनापेक्षा कितीतरी जास्त आहे. सध्याच्या नियमाने पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे आहेत. भूवैज्ञानिक आपत्तींत तीन वर्षे म्हणजे तीनच पावसाळे, आणि त्यातला एक दुष्काळी निघाला तर दोनच. साडेचार ते पाच वर्षे गृहीत धरा. मार्गदर्शक निवडताना त्यांची शोधनिबंधांची यादी पाहण्याआधी त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि एवढेच विचारा, की सर किंवा मॅडम तुमच्याबरोबर क्षेत्रावर किती दिवस होते.

शिकवण्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण माझ्या दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो, म्हणून थोडे सांगते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव जागेवर नाही, हे प्रथम लक्षात आले ते नेहमीच्या एसटीच्या चालकाच्या. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला वाहून गेले. मुले ही नावे पाठ करतात, पण पाणी शिरल्यावर उतार का सुटतो हे विचारले की, ‘माती जड होते’ एवढेच सांगतात. मी वर्गात एक फळी आणते, तिच्यावर प्लास्टिकचा कागद अंथरते, त्यावर चार बोटे मुरूम पसरते आणि फळी हळूहळू उचलते. कोरडा मुरूम बराच वर जाईपर्यंत टिकतो. मग वरच्या कडेने झारीने पाणी सोडायचे. कागदापाशी पाणी साचू लागले की मातीच्या कणांना ते आतून उचलून धरते, कणांची एकमेकांवरची पकड सैल होते, आणि आधीपेक्षा कितीतरी कमी कोनात सगळा थर एकदम घसरतो. पाण्याचे वजन वाढते हे खरेच, परंतु निर्णायक असतो तो कणांमधल्या पाण्याचा दाब. प्लास्टिकच्या जागी सह्याद्रीत खालचा अभेद्य बेसाल्ट किंवा दोन लाव्हाथरांमधली लाल मातीची बोल असते. हा प्रयोग मी महसूल कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातही करते. पाऊस थांबल्यावरही दरड का येते, हे तलाठ्यांना मुलांपेक्षा लवकर समजते, कारण त्यांनी विहिरीचे पाणी पावसानंतर चढताना पाहिलेले असते.

या कामाचा आणखी एक भाग कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, तो म्हणजे लोकांना उत्तर देणे. मे २०२४ च्या आरंभी नागपूर जिल्ह्यात लागोपाठ तीन दिवस अडीचच्या आसपास तीव्रतेचे धक्के नोंदले गेले आणि माझा फोन दिवसभर वाजत राहिला. हे खाणीतले सुरुंग की खरे भूकंप, आणि आता मोठा येणार का, हे दोनच प्रश्न होते. पहिल्याचे उत्तर शोधण्याची रीत आहे : सुरुंग ठरावीक वेळी उडवतात, म्हणून आधी घड्याळ पाहायचे, मग निरनिराळ्या केंद्रांवरच्या नोंदींत पहिली लहर जमीन वर ढकलते की खाली ओढते ते पाहायचे, कारण स्फोट सर्व दिशांना बाहेर ढकलतो आणि विभंगावरचा भूकंप काही दिशांना ढकलतो, काही दिशांना ओढतो. दुसऱ्या प्रश्नाला मी असे सांगितले की, किल्लारीच्या तुलनेत या धक्क्यातली ऊर्जा साधारण साडेतीन लाख पटीने कमी आहे. मोठा भूकंप कधी येईल हे जगात कोणालाही सांगता येत नाही, आणि येणारच नाही असेही म्हणता येत नाही. तेव्हा पाण्याच्या टाकीचे खांब आणि गच्चीवरचा सुटा कठडा तपासून घ्या. एका वार्ताहराला हे बेचव वाटले. ‘घाबरण्याचे कारण नाही, असे लिहू का?’ असे त्याने विचारले, आणि मी नको म्हटले. इटलीत लाक्विला शहरात एप्रिल २००९ च्या भूकंपाआधी लहान धक्क्यांची मालिका चालू असताना अधिकाऱ्यांकडून असाच दिलासा दिला गेला, तीनशेहून अधिक माणसे गेली, आणि २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञांसह सात जणांना कारावासाची शिक्षा झाली. दोन वर्षांनी शास्त्रज्ञ अपिलात सुटले. किल्लारीतही आदल्या वर्षीपासून लहान धक्के जाणवत होते, हे मला त्या फोनच्या वेळी सतत आठवत होते.

क्षेत्रकामाच्या सुरक्षिततेबद्दल घरचे विचारतील. इथल्या खडकांचा पहिला बारकाईने अभ्यास करणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय तुमच्या रोजच्या वाटेवर असेल, ते ना कड्यावरून पडले ना खाणीत सापडले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून रात्री परतताना पाण्याने भरलेला नाला ओलांडताना ते बुडाले. माझ्या विद्यार्थ्यांना नियम दोनच आहेत : सूर्य मावळल्यावर नाला ओलांडायचा नाही, आणि ताज्या दरडीच्या माथ्यावर पहिले चोवीस तास पाय ठेवायचा नाही. मुलींना मी याखेरीज एवढेच सांगते की, गावात शिरल्यावर आधी अंगणवाडीताईंना भेटावे. मुक्काम, जेवण आणि गावातल्या कोणत्या घराला तडे गेले आहेत ही माहिती या तिन्हींची सोय तिथे होते.

उपकरणांचे विचारलेत. ब्रंटन होकायंत्र विकत घेऊ नका. ते महाग असते, विभागात असते, आणि सुरुवातीला मोबाइलमधल्या होकायंत्रावर भागते, फक्त लोखंडी पुलावर आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून वाचू नका. क्यूजीआयएस ही संगणकावर नकाशे करण्याची प्रणाली मोफत आहे, ती आजच शिकायला घ्या. सर्वेक्षण विभागाचा ५५ ओ/४ हा नागपूरचा नकाशापट मिळवून त्यावरून आपल्याच घरापासून कोराडीपर्यंत चालत जा आणि समोच्च रेषा व प्रत्यक्ष उतार कुठे जुळत नाहीत ते लिहून काढा. पैसे खर्च करायचेच असतील तर घोट्यापर्यंत येणाऱ्या बुटांवर करा, आणि जाड पुठ्ठ्याची वही व शिसपेन्सिली घ्या. पेनने लिहू नका; माझ्या पहिल्या पावसाळ्याची एकोणीस पाने शाई पसरून गेली आहेत.